ड्रोनसाठी झूम, थर्मल आणि नाइट व्हिजन कॅमेरा: नाशिक परिसरातील कामांसाठी निवडीपासून अहवालापर्यंत

नाशिक जिल्ह्यात व्यावसायिक ड्रोनचालकांकडे येणाऱ्या कामांचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बदलले आहे. लग्नसमारंभ आणि जमीन मोजणीच्या जोडीला आता सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या छपरांवरील सौर पॅनेलची तपासणी, वीजवाहिन्यांची पाहणी, निफाड-दिंडोरी पट्ट्यातील उसाच्या फडात शिरलेल्या बिबट्याचा वन विभागाच्या विनंतीवरून शोध आणि ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या बाजूला वाट चुकलेल्या माणसाचा शोध अशी कामे येऊ लागली आहेत. 2026-27 च्या सिंहस्थामुळे गर्दीवर रात्री नजर ठेवण्याच्या कामांचीही चर्चा आहे. अशा वेळी ग्राहक बहुधा एकच वाक्य म्हणतो, "दोनशे पट झूम आणि थर्मल असलेला कॅमेरा पाहिजे." या वाक्यातून त्याला नक्की काय पाहायचे आहे हे कळत नाही, आणि तेवढ्यावर विसंबून खरेदी केली तर लाखो रुपये खर्चूनही काम अडते.

या लेखात मांडलेली पद्धत एकाच मुद्द्याभोवती फिरते. कॅमेऱ्याची निवड झूमच्या आकड्यावरून करू नये. आपण ज्या अंतरावरून पाहणार आहोत, तिथून लक्ष्यावर किती पिक्सेल पडतात आणि ते पिक्सेल कोणत्या प्रकाशात किंवा तापमानात भरले जाणार आहेत, यावरून ती करावी.

पहिली पायरी: कामाचा प्रश्न एका वाक्यात लिहा

"तिथे काही आहे का?", "ते काय आहे?", "ते नेमके कोणते आहे?" आणि "त्याचे तापमान किती आहे?" हे चार वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला थर्मल कॅमेरा सर्वांत झटपट उत्तर देतो, तिसऱ्याला बहुतेक वेळा झूम कॅमेराच देऊ शकतो, आणि चौथ्यासाठी प्रत्येक पिक्सेलचे तापमान नोंदवणारा रेडिओमेट्रिक थर्मल कॅमेराच लागतो. बाजारात थर्मल म्हणून विकले जाणारे काही स्वस्त कॅमेरे केवळ रंगीत चित्र दाखवतात, मोजमाप देत नाहीत. शोधकार्यासाठी ते चालतील, पण सौर पॅनेलच्या अहवालासाठी निरुपयोगी आहेत. त्यामुळे ग्राहकाशी बोलताना हा चौथा प्रश्न आधी विचारून घ्यावा.

दुसरी पायरी: पिक्सेलचा हिशेब मांडा

हा हिशेब आठवीच्या गणिताइतका सोपा आहे, तरी तो न करताच व्यवहार होतात. सेन्सरवरील एका पिक्सेलच्या आकाराला भिंगाच्या नाभीय अंतराने (फोकल लेंथने) भागावे आणि लक्ष्याच्या अंतराने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे एका पिक्सेलमध्ये मावणारी जमीन. ड्रोनवरील 640 गुणिले 512 पिक्सेलच्या थर्मल सेन्सरमध्ये पिक्सेलचा आकार आज बहुधा 12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. भिंग 13.5 मिलिमीटरचे असेल तर 60 मीटर उंचीवरून एक पिक्सेल सुमारे 5.3 सेंटिमीटरचा होतो आणि संपूर्ण चौकटीत सुमारे 34 मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. भिंग 9 मिलिमीटरचे असेल तर त्याच उंचीवरून पिक्सेल 8 सेंटिमीटरचा होतो. 25 मिलिमीटरच्या भिंगाने तो 2.9 सेंटिमीटरवर येतो, मात्र पट्टा 18 मीटरपर्यंत आक्रसतो.

आता हे आकडे उसाच्या फडाला लावून पाहू. बिबट्याचे अंग वरून पाहिले तर साधारण फूटभर रुंद दिसते. 13.5 मिलिमीटरच्या भिंगाने 60 मीटरवरून त्या रुंदीवर पाच-सहा पिक्सेल पडतात, आणि 100 मीटरवरून जेमतेम तीन. 1958 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन जॉन्सन यांनी मांडलेल्या आणि आजही वापरात असलेल्या निकषांनुसार, लक्ष्याच्या लहान बाजूवर सुमारे दोन पिक्सेल असले तर "काहीतरी आहे" एवढे कळते, "काय आहे" हे ओळखायला सुमारे आठ पिक्सेल लागतात आणि "कोणते आहे" हे सांगायला तेराच्या आसपास. म्हणजे 100 मीटरवरून दिसणारा पांढरा ठिपका बिबट्याचा, मोकाट कुत्र्याचा की वासराचा, हे चालकाने छातीठोकपणे सांगणे धोक्याचे आहे. शिवाय हे निकष प्रशिक्षित निरीक्षकालाही निम्म्याच वेळा यश मिळेल असे गृहीत धरतात, त्यामुळे प्रत्यक्ष कामात दीडपट-दुप्पट पिक्सेल हाताशी असावेत.

मग 30 मीटरवर उतरावे का? उतरल्यास पिक्सेल अकरा होतात, पण पंख्यांच्या आवाजाने जनावर बिथरते आणि भोवती जमलेल्या माणसांच्या दिशेने पळू शकते. त्याऐवजी 60 मीटरवरच राहून रुंद थर्मल भिंगाने शोध घ्यावा आणि ठिपका सापडला की त्याच गिंबलवरील (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या फिरत्या जोडणीवरील) झूम कॅमेऱ्याने ओळख पटवावी. एकाच गिंबलवर दोन-तीन सेन्सर एकत्र बसवलेल्या कॅमेऱ्यांची खरी किंमत या कामात वसूल होते. येथे आणखी एक मर्यादा सांगायला हवी. थर्मल कॅमेरा पानांच्या आरपार पाहत नाही. दाट उसात जनावर दिसते ते सरींमधल्या फटींतून, म्हणून कॅमेरा सरळ खाली रोखून सरीच्या दिशेने उडावे, तिरक्या कोनातून पाहू नये. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे गावकऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी वन विभागाने बोलावल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

तिसरी पायरी: थर्मल कॅमेऱ्याचे माहितीपत्रक वाचा

ड्रोनवरील जवळजवळ सर्व थर्मल कॅमेरे 8 ते 14 मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपतात. हे किरण वस्तू स्वतःच उत्सर्जित करते, त्यामुळे बाहेरच्या प्रकाशाची गरज नसते. साधी काच आणि पाणी मात्र त्यांना अडवतात. म्हणूनच थर्मल भिंगे जर्मेनियमची असतात, आणि म्हणूनच बंद खिडकीमागे किंवा पाण्याखाली काय आहे हे या कॅमेऱ्याने दिसत नाही. चित्रपटांनी पसरवलेला हा गैरसमज ग्राहकाकडे काम घेण्यापूर्वीच दूर केलेला बरा.

माहितीपत्रकात चार गोष्टी पाहाव्यात. संवेदनशीलता, म्हणजे टिपता येणारा सर्वांत लहान तापमानफरक, मिलिकेल्विनमध्ये (अंशाच्या हजाराव्या भागात) दिलेली असते. 50 किंवा त्याहून कमी आकडा बहुतेक कामांना पुरतो, तर पावसाळ्यात सगळ्या परिसराचे तापमान जवळपास सारखे झालेले असताना 30 च्या खालचा आकडा फरक दाखवतो. प्रतिमांचा वेग 9 हर्ट्झ (सेकंदाला 9 चित्रे) की 30 हर्ट्झ, हे दुसरे. निर्यात निर्बंधांमुळे 9 हर्ट्झची मॉडेल्स सहज मिळतात आणि स्थिर तपासणीला ती चालतात, पण हलत्या माणसाचा मागोवा घ्यायचा असेल तर 30 हर्ट्झच घ्यावे. तिसरी मोजमापाची अचूकता, जी बहुधा अधिक-उणे 2 अंश सेल्सिअस किंवा 2 टक्के असते. चौथी तापमानाची मर्यादा: आगीच्या ठिकाणी काम करायचे असेल तर सुमारे 550 अंशांपर्यंत मोजणारी कमी संवेदनशीलतेची श्रेणी उपलब्ध आहे का, हे विचारावे.

माहितीपत्रकात न सापडणारी एक गोष्ट म्हणजे उत्सर्जकता, म्हणजेच पृष्ठभाग आपली उष्णता किती प्रमाणात किरणांच्या रूपात सोडतो हे सांगणारा 0 ते 1 मधला आकडा. रंगवलेला पत्रा, माती, पाने किंवा मानवी त्वचा यांची उत्सर्जकता 0.9 च्या वर असल्याने कॅमेऱ्यातील तापमान विश्वासार्ह असते. चकचकीत ॲल्युमिनियमची उत्सर्जकता 0.1 च्या आसपास असते, त्यामुळे तिथे कॅमेरा धातूचे तापमान न दाखवता बहुतांशी त्यात पडलेले थंड आकाशाचे प्रतिबिंब दाखवतो. औद्योगिक वसाहतीत नव्या झिंकलेप केलेल्या पत्र्यांवर हा घोळ वारंवार होतो. त्यावरचा उपाय स्वस्त आहे: शक्य तिथे विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी त्या पृष्ठभागावर लावावी, काही मिनिटे थांबावे आणि पट्टीचे तापमान मोजावे.

सौर पॅनेलची तपासणी

नाशिकच्या ड्रोनचालकांसाठी हे काम नियमित उत्पन्नाचे ठरू शकते, म्हणून त्यावर थोडे अधिक. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या 2017 च्या तांत्रिक मार्गदर्शिकेनुसार पॅनेलच्या पातळीवर प्रति चौरस मीटर किमान 600 वॅट सूर्यप्रकाश असावा आणि पॅनेलवर एक पिक्सेल 3 सेंटिमीटरपेक्षा मोठा नसावा. वरचे सूत्र वापरले तर 13.5 मिलिमीटरच्या भिंगाने 33 मीटरपेक्षा, आणि 9 मिलिमीटरच्या भिंगाने साधारण 22 मीटरपेक्षा दूर जाता येत नाही. 15.6 सेंटिमीटरच्या एका सौर घटावर मग पाच पिक्सेल पडतात, आणि एकच घट तापला असला तरी तो वेगळा उठून दिसतो.

उड्डाण सकाळी साडेदहा-अकरानंतर, आकाश निरभ्र आणि वारा मंद असताना करावे. कॅमेरा पॅनेलला अगदी लंब धरला तर ड्रोनचेच प्रतिबिंब चित्रात येते, आणि फार तिरका धरला तर आकाशाचे. लंबरेषेपासून वीस-तीस अंशांचा कोन सोयीचा पडतो. तापलेला ठिपका दिसला की ड्रोन दोन मीटर बाजूला सरकवावा. ठिपका पॅनेलवर त्याच जागी राहिला तर तो दोष आहे, ड्रोनबरोबर सरकला तर सूर्याचे प्रतिबिंब. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती टाळून दिलेला अहवाल कारखान्याच्या अभियंत्यासमोर टिकत नाही. ठिपका खरा निघाला तर त्याच जागी झूम कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यावे, कारण बऱ्याच वेळा दोष घटात नसतो, वर पक्ष्याची विष्ठा किंवा धुळीचा थर असतो आणि धुऊन काम भागते.

उड्डाणाचा वेग ताशी 15 किलोमीटरच्या आसपास ठेवावा. थर्मल सेन्सरला प्रतिसाद द्यायला सुमारे 10 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे वेगाने उडणाऱ्या ड्रोनमधून घेतलेल्या चित्रात कडा पुसट होतात आणि लहान ठिपक्याचे तापमान प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. कॅमेरा अधूनमधून "टक" असा आवाज करून क्षणभर गोठतो. तो बिघाड नसून आतील पडदा खाली येऊन सेन्सरची समतोल तपासणी होत असते, पण नेमक्या त्या क्षणी टिपलेली चौकट वाया जाते, म्हणून सलग चित्रांमध्ये पुरेसा आच्छाद (दोन्ही चित्रांत येणारा सामाईक भाग) ठेवावा.

चौथी पायरी: हायब्रिड झूमच्या आकड्याची फोड करा

झूमचा पटीचा आकडा म्हणजे सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड नाभीय अंतराचे गुणोत्तर. 4.3 ते 129 मिलिमीटरचे भिंग 30 पट झूमचे ठरते, तर 10 ते 100 मिलिमीटरचे भिंग केवळ 10 पट. पण दोन्हींमध्ये पिक्सेलचा आकार सारखा असेल तर दूरचे पाहण्याच्या क्षमतेत फार अंतर नसते. हायब्रिड झूममध्ये भिंगाची मर्यादा संपल्यावर सेन्सरचा मधला भाग कापून मोठा केला जातो. सेन्सर जास्त पिक्सेलचा असेल तर ही कापाकापी काही पटींपर्यंत तपशील टिकवते. त्यापुढचा डिजिटल झूम नवी माहिती आणत नाही, पडद्यावरचे चित्र फुगवतो एवढेच. म्हणून विक्रेत्याला तीन आकडे विचारावेत: सर्वांत लांब नाभीय अंतर, पिक्सेलचा आकार आणि निव्वळ प्रकाशीय झूम. हे सांगता येत नसेल तर पुढचे दुकान गाठावे.

129 मिलिमीटर आणि 2.9 मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर 100 मीटरवर एक पिक्सेल सव्वादोन मिलिमीटरचा होतो. चारचाकीच्या नंबरप्लेटवरील अक्षराची उंची 65 मिलिमीटर असते, म्हणजे त्या अक्षरावर जवळजवळ 29 पिक्सेल पडतात आणि ते स्वच्छ वाचता येते. वीजमनोऱ्यावरील निसटलेली पिन किंवा तडकलेला विद्युतरोधकही सुरक्षित अंतरावरून दिसतो. मात्र या झूमवर संपूर्ण चौकटीची रुंदी साडेचार मीटरहून कमी असते. गिंबल 0.01 अंशाने हलला तरी चित्र सात-आठ पिक्सेलने सरकते. म्हणून भिंगावर खर्च करून गिंबलवर काटकसर करण्यात अर्थ नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबच्या झूमचे चित्र लाटांसारखे हलते. त्यावर कोणत्याही किमतीच्या कॅमेऱ्याकडे उपाय नाही, पाहणी सकाळीच उरकावी.

पाचवी पायरी: रात्रीच्या कामासाठी योग्य सेन्सर ठरवा

थर्मल आणि नाइट व्हिजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रोनवर नाइट व्हिजन म्हणून जे मिळते ते बहुधा अत्यल्प प्रकाशात काम करणारा स्टारलाइट सेन्सर असतो, किंवा 850 अथवा 940 नॅनोमीटरचा अवरक्त दिवा जोडलेला साधा सेन्सर. 850 चा दिवा जास्त लांब पोचतो, पण त्याचा लालसर ठिपका डोळ्याला दिसतो. 940 चा दिसत नाही, पण त्या तरंगलांबीला सेन्सर कमी प्रतिसाद देतो. दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे 50 मीटरवर उत्तम दिसणारे चित्र 100 मीटरवर चौपट अंधारलेले असते.

स्टारलाइट सेन्सरच्या माहितीपत्रकात 0.001 लक्स (लक्स हे प्रकाशाचे माप) असे आकडे झळकतात. पौर्णिमेच्या चांदण्यात साधारण 0.1 ते 0.3 लक्स प्रकाश असतो, हे लक्षात घेतले तर आकडा अफाट वाटतो. पण तो किती वेळ शटर उघडे ठेवून मोजला, हे पाहावे. अर्धा सेकंद उघड्या शटरने मिळणारे चित्र हलत्या ड्रोनवर कामाचे नाही. दुसरे असे की झूम वाढवला की भिंगाचे छिद्र तुलनेने लहान होते. एफचा आकडा जितका मोठा तितके हे छिद्र लहान; रुंद टोकाला एफ 1.6 आणि लांब टोकाला एफ 4.7 असेल, तर लांब टोकाला सेन्सरवर पोचणारा प्रकाश सुमारे साडेआठपट कमी होतो. "रात्रीही 30 पट झूम" हा दावा या हिशेबात सहसा तग धरत नाही.

जागेनुसार निर्णय बदलतो. रामकुंड आणि पंचवटीच्या घाटांवर पर्वकाळात इतकी रोषणाई असते की तिथे स्टारलाइट झूम कॅमेराच उपयोगी पडतो. दाट गर्दीत थर्मल कॅमेऱ्याला माणसे एकमेकांत मिसळलेला एकच उबदार पट्टा म्हणून दिसतात. गोदावरीला रात्री पूर येऊन पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगाला चढत असेल, तेव्हा पाण्याची पातळी वाचायला झूम आणि काठावर अडकलेला माणूस शोधायला थर्मल, असे दोन्ही लागतात. उलट अंजनेरीच्या पठारावर किंवा ब्रह्मगिरीच्या उतारावर अंधारात थर्मलला पर्याय नाही. तिथेही वेळ निवडावी लागते. सह्याद्रीचा काळा कातळ दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो, त्यामुळे संध्याकाळी सात-आठ वाजता प्रत्येक मोठा दगड माणसासारखा चमकतो. मध्यरात्रीनंतर, आणि सर्वांत चांगले म्हणजे पहाटे, हा गोंधळ ओसरतो. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला पावसाळ्यात दाट धुके उतरले तर थर्मलचीही नजर आखडते, तेव्हा उड्डाण न करणे हाच योग्य निर्णय असतो.

सहावी पायरी: वजन, परवानग्या आणि नकाशा

ड्रोन नियम, 2021 नुसार ड्रोनचा वर्ग कॅमेऱ्यासह एकूण वजनावर ठरतो: 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल. तीन सेन्सरांचा गिंबल 800 ग्रॅमच्या घरात जाऊ शकतो, त्यामुळे तो बसवल्यावर ड्रोन मायक्रोतून स्मॉलमध्ये जात नाही ना आणि निर्मात्याने त्या वजनाला मान्यता दिली आहे ना, हे आधी पाहावे. व्यावसायिक कामासाठी ड्रोनचा नोंदणी क्रमांक, चालकाचे रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि त्रयस्थ पक्षाचा विमा हवाच. 9 फेब्रुवारी 2022 पासून संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा ही कारणे वगळता तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर मात्र नाही. परदेशी बनावटीचा संच स्वस्तात देऊ करणाऱ्या विक्रेत्याकडे नोंदणीची कागदपत्रे मागितली की पुष्कळदा संभाषण तिथेच थांबते.

नाशिकमध्ये नकाशाचा प्रश्न गंभीर आहे. ओझरचा विमानतळ, गांधीनगरचे लष्करी हवाई तळ, देवळालीची छावणी, नाशिक रोडचे नोटा व मुद्रांकांचे छापखाने आणि एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र अशी संवेदनशील ठिकाणे शहराभोवती विखुरलेली आहेत. डिजिटल स्काय या सरकारी हवाई क्षेत्राच्या नकाशावर त्या दिवशीची स्थिती पाहिल्याशिवाय काम स्वीकारू नये. त्या नकाशावरील हिरव्या, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात कमाल उंची 400 फूट आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूट आहे. सण-मेळ्यांच्या काळात पोलिसांचे मनाई आदेशही निघतात, म्हणून स्थानिक पोलीस ठाण्याशी लेखी संपर्क ठेवावा.

सातवी पायरी: पैसे देण्यापूर्वी प्रत्यक्ष चाचणी

विक्रेत्याच्या दालनातील पडद्यावर सर्व कॅमेरे देखणे दिसतात. चाचणी मोकळ्या माळावर आणि अंधार पडल्यावर करण्याचा आग्रह धरावा. मोजून 60 आणि 100 मीटर अंतरावर एक माणूस झाडाखाली आडवा झोपवावा, एक उभी गाडी ठेवावी, आणि कोमट व गार पाण्याच्या दोन बादल्या शेजारी शेजारी ठेवून त्यांचे तापमान साध्या तापमापकाने नोंदवावे. थर्मल चित्रातील आकडे त्याच्याशी जुळतात का, लांब झूमवर नंबरप्लेट वाचता येते का, थर्मलवरून झूमवर जाताना लक्ष्य चौकटीच्या मध्यभागीच राहते का, आणि चित्र जमिनीवरच्या पडद्यावर पोचायला किती उशीर लागतो, हे पाहावे. शेवटच्या दोन गोष्टी कागदावर कधीच कळत नाहीत, आणि शोधकार्यात त्याच सर्वांत जास्त छळतात.

आठवी पायरी: नोंदी आणि अहवाल

उड्डाणापूर्वी थर्मल कॅमेरा दहा-पंधरा मिनिटे सुरू ठेवून स्थिरावू द्यावा. तपासणीच्या वहीत वेळ, हवेचे तापमान, आर्द्रता, वारा, अंतर आणि गृहीत धरलेली उत्सर्जकता लिहावी. ही माहिती नसेल तर सहा महिन्यांनी घेतलेल्या चित्राशी तुलना करता येत नाही. मूळ रेडिओमेट्रिक फाइल जशीच्या तशी जपावी, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीतून तापमानाची नोंद निघून जाते. अहवालात प्रत्येक दोषासाठी थर्मल आणि दृश्य अशी दोन चित्रे शेजारी शेजारी द्यावीत, पॅनेलचा किंवा मनोऱ्याचा क्रमांक लिहावा, आणि निव्वळ तापमानाऐवजी शेजारच्या निरोगी भागाशी असलेला फरक नोंदवावा. दोषाचे कारण निश्चित माहीत नसेल तिथे "संशयित" असे लिहावे आणि निदान विद्युत अभियंत्यावर सोपवावे. रंगसंगती सर्व चित्रांमध्ये एकच असावी आणि तापमानाची पट्टीही सारख्या मर्यादांची ठेवावी, नाहीतर एका पानावरचा लाल ठिपका 40 अंशांचा आणि पुढच्या पानावरचा 90 अंशांचा असूनही ग्राहकाला दोन्ही सारखेच गंभीर वाटतात.